इन्का ट्रेल 'सर' केला म्हणे!

परवा फोंड्याला एका कार्यक्रमाला जाण्याचा योग आला. पेरू देशातल्या इन्का ट्रेलवरून माचू पिचूपर्यंत पायी जाऊन आलेल्या एका गृहस्थांनी आपल्या प्रवासाचे फोटो पडद्यावर दाखवले. फोटो सुंदर होते, बोलणं गोड होतं, सभागृह भरलेलं होतं. शेवटी अध्यक्षांनी शाल-श्रीफळ दिलं आणि म्हणाले, "आपल्या गोव्याच्या या सुपुत्राने इन्का ट्रेल सर केला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. पण घरी येईपर्यंत ते 'सर केला' घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचत राहिलं. भाताचा गोळा गिळला तरी जाईना.

दीडशेच्या वर फोटो होते. त्यांत स्वतः ते गृहस्थ होते, त्यांच्या सौभाग्यवती होत्या, ढग होते, लामा होते आणि दगडाच्या भिंती तर पुष्कळच होत्या. एका फोटोत, अगदी कडेला, निळ्या प्लास्टिकात बांधलेलं भलंमोठं गाठोडं पाठीवर घेऊन वाकून चाललेला एक माणूस होता. वक्ते म्हणाले, "हे आमचे पोर्टर. फार काटक लोक हो! आणि कायम हसतमुख." की लगेच पुढचा फोटो.

त्या माणसाच्या वाट्याला आलेला वेळ एवढाच.

हा लेख त्या गृहस्थांवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. २०१९ च्या जून महिन्यात मी स्वतः तीच वाट चाललो आहे, आणि माझ्या घरच्या अल्बमातही तोच माणूस तसाच पाठमोरा उभा आहे. तेव्हा जो काही मार द्यायचा तो माझ्यापासूनच सुरू करू.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कुस्कोहून माचू पिचूकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर किलोमीटर ८२ नावाचा एक थांबा आहे. तिथे उरुबाम्बा नदीवरचा पूल ओलांडला की वाट सुरू होते. अंतर सुमारे ४२ किलोमीटर, चार दिवस आणि तीन रात्री. पहिला दिवस सोपा. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का नावाची खिंड चढायची. या क्वेचुआ नावाचा अर्थ 'मेलेली बाई'. उंची ४२१५ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कळसूबाईच्या अडीचपट. तिथे हवाच एवढी विरळ की दहा पावलं टाकली की अकराव्याला उभं राहून दम घ्यावा लागतो. तिसऱ्या दिवशी रुंकुराकाय, सायाकमार्का, फुयुपातामार्का असे एकामागून एक पडके वाडे-चौथरे लागतात. मग विन्याय वायना. चौथ्या दिवशी पहाटे इंतिपुंकू, म्हणजे सूर्याचा दरवाजा, आणि तिथून खाली दिसतं ते माचू पिचू. पायऱ्या पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या, कित्येक ठिकाणी सरळ डोंगराच्या दगडात कोरलेल्या. पाहण्यासारखी वाट आहे यात वाद नाही.

वाद आहे तो ती कोण चालतं आणि कोण वाहतं याचा.

या वाटेवर दिवसाला फक्त ५०० माणसांना सोडतात. हा आकडा बरेच जण अभिमानाने सांगतात, "परवाना मिळणं किती कठीण!" म्हणून. पण त्या पाचशेत पर्यटक साधारण दोनशेच असतात. उरलेले तीनशे म्हणजे वाटाडे, स्वयंपाकी आणि हमाल. म्हणजे हौसेने चालणाऱ्या दर दोन माणसांमागे कामावर असलेली तीन माणसं. आमच्या गटात आम्ही बारा होतो आणि ते एकवीस. तंबू, जेवणाचं टेबल, घडीच्या खुर्च्या, गॅसची नळकांडी, भांडीकुंडी, अंडी, पिठं, आणि आम्हा बारा जणांच्या झोपायच्या पिशव्या हे सगळं त्यांच्या पाठीवर. माझ्या सामानातलं सात किलोंचं बोचकंही त्यांतल्याच एकाच्या पाठीवर. मी काय वाहत होतो? पाण्याची बाटली, रेनकोट आणि कॅमेरा.

वाटेची नासाडी होऊ नये म्हणून खेचरं-घोड्यांना इथे मनाई आहे. दगडांची काळजी घेतली हे चांगलंच झालं. पण जनावराने वाहायचं नाही म्हटल्यावर ते वजन नाहीसं होत नाही, ते माणसाच्या पाठीवर येतं.

आपल्याकडे पूर्वी भाटकार मचिल्यात बसून फिरायचे. चार भोई मचिला खांद्यावर घेऊन घाम गाळत घाट चढायचे आणि आत भाटकारसाहेब पानविडा चघळत बसायचे. आता समजा, घाटमाथ्यावर पोचल्यावर त्या भाटकाराने खाली उतरून जाहीर केलं असतं की "मी घाट सर केला", तर भोयांनी तोंडावर नाही तरी पाठीमागे हसूनच घेतलं असतं. आम्ही चाललो, ते बसले, एवढाच काय तो फरक. पाय आमचे होते हे कबूल. पण त्या पायांना रात्री तंबू तयार मिळत होता, पहाटे गरम पाण्याचं घमेलं मिळत होतं, आणि तंबूच्या दाराशी कोकाच्या पानांचा चहा मिळत होता. ते सगळं आमच्या आधी तिथे पोचलेलं असायचं. ज्यांनी ते पोचवलं ते आमच्यानंतर निघून, आम्हाला वाटेत मागे टाकून, पुढे गेलेले असायचे. त्यांच्यातल्या काहींच्या पायांत जुन्या टायरच्या चपला होत्या. माझ्या पायांत खास या वाटेसाठी घेतलेले बूट होते.

आता कायद्याकडे येऊ. कारण "तिथे आता सगळं नियमात आहे" असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

नियम आहेत, आणि ते काही कुणी आपणहून वाढलेले नाहीत. पूर्वी एकेका माणसाच्या पाठीवर चाळीस-चाळीस किलो वजन लादलं जायचं. रात्री झोपायला जेवणाच्या तंबूतली ओली जमीन, आणि पोटात पर्यटकांच्या जेवणातलं उरलंसुरलं. २००१ साली पेरूत पोर्तेआदोरांसाठी, म्हणजे या भारवाहकांसाठी, कायदा झाला. माणशी २० किलोंची मर्यादा आली, किमान मजुरी ठरली, विमा आला. त्याच सुमारास परवानाधारक कंपनी आणि वाटाड्याशिवाय कुणालाही या वाटेवर पाऊल ठेवता येणार नाही असं ठरलं. दरवर्षी फेब्रुवारीत डागडुजीसाठी वाट बंद ठेवायची हाही नियम आहे. २०२२ मध्ये पेरूच्या काँग्रेसने पोर्तेआदोरांसाठी आणखी एक नवा कायदा केला. वीस वर्षांनी नवा कायदा करावा लागला, यातच जुन्याची अंमलबजावणी कशी झाली असेल ते समजून घ्यावं.

मी काय पाहिलं ते सांगतो. किलोमीटर ८२ च्या नाक्यावर वजनकाटा आहे. प्रत्येक हमाल रांगेत उभा राहतो आणि त्याचं गाठोडं काट्यावर चढतं. आमच्या गटातल्या दोन गाठोड्यांतून काट्याच्या आधी काही पिशव्या निघाल्या आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात गेल्या. वजन बरोबर वीस भरलं, शिक्का बसला. नाका ओलांडून पहिल्या वळणावर त्या पिशव्या होत्या तिथे परत आल्या. मी हे पाहिलं. आणि काय केलं? काहीही नाही. मनात म्हटलं, आपण परके, आपल्याला काय कळतं, इथली पद्धत असेल. हे 'इथली पद्धत असेल' फार सोयीचं वाक्य आहे. जगातला सगळा अन्याय याच वाक्याच्या सावलीत सुखाने जगत आला आहे.

मी त्या कंपनीचं नाव इथे देत नाही. कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. आम्ही चार कंपन्यांचे दर मागवले होते आणि सर्वांत स्वस्त ती निवडली होती. शंभर-दीडशे डॉलर वाचवले म्हणून एकमेकांची पाठ थोपटली होती. ते वाचलेले पैसे कुठून आले हे मला पहिल्या वळणावर समजलं. ते त्या पिशव्यांतून आले.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनला आम्हाला उठवलं. शेवटचा नाका उघडतो साडेपाचच्या सुमारास, आणि तो तिथून चालण्याच्या अंतरावर. मग एवढ्या लवकर का? वाटाड्या म्हणाला, सूर्योदय गाठायचा म्हणून. नंतर कळलं, खरं कारण वेगळंच. हमालांना तंबू गुंडाळून, सगळं सामान घेऊन, डोंगर उतरून पहाटेची गाडी पकडायची असते. ती त्यांची गाडी. पर्यटकांच्या काचेच्या छपराच्या डब्यांत त्यांना जागा नसते. आम्ही इंतिपुंकूकडे वर निघालो आणि ते खाली. चार दिवस आमचं अन्न, आमचं छप्पर, आमचं अंथरूण ज्यांनी माचू पिचूच्या दारापर्यंत आणलं, ते माचू पिचू न पाहता दारावरून परतले. वाटाड्यामार्फत मी त्यांच्यातल्या एकाला, पन्नाशीच्या गृहस्थाला, आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, "किती वेळा पाहिलंत माचू पिचू?" तो म्हणाला, "एकदा. शाळेत असताना." या वाटेने तो बावीस वर्षं ओझी वाहत होता.

त्याचं नाव मी विचारून घेतलं आहे. त्याला न विचारता ते इथे लिहिणं बरं नव्हे, म्हणून लिहीत नाही. पण मला ते माहीत आहे. ते विचारायला मला तीन दिवस लागले, याची लाज अजून वाटते.

मित्रहो, यात नवल ते काय म्हणाल तर खरोखरच काही नाही. या जागेची गोष्ट पहिल्यापासून अशीच सांगितली गेली आहे. वाट दाखवणारा एक, ओझं वाहणारा दुसरा, आणि नाव लागणार तिसऱ्याचं.

२४ जुलै १९११. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे हायरम बिंगहॅम उरुबाम्बा नदीच्या काठी तळ ठोकून होते. तिथल्या मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने सांगितलं, वर डोंगरावर जुने अवशेष आहेत. पावसाची भुरभुर चालू होती आणि त्याला जायचा कंटाळा. बिंगहॅमनी एक सोल रोज देऊ केला तेव्हा तो तयार झाला. सोबतच्या निसर्गअभ्यासकाला नदीकाठची फुलपाखरं सोडवेनात, डॉक्टरांना कपडे धुवायचे होते. मग बिंगहॅम, आर्तेआगा आणि एक पेरूचा सार्जंट असे तिघेच वर गेले. वर काय दिसलं? ओसाड अरण्य? छे! तिथे शेतकऱ्यांची कुटुंबं राहत होती. इन्कांच्याच पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत त्यांनी मका आणि बटाटे लावले होते. त्यांनी पाहुण्यांना थंड पाणी आणि उकडलेली रताळी दिली. तिथून पुढे अवशेषांपर्यंत बिंगहॅमना एका लहान मुलाने नेलं. आणि जगाला बातमी कळली ती अशी की हायरम बिंगहॅम यांनी हरवलेलं शहर शोधून काढलं!

ज्या घरात चूल पेटलेली आहे ते घर हरवलेलं कसं?

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. तीन खिडक्यांच्या देवळाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं एक नाव होतं: लिसारागा, १९०२. आगुस्तिन लिसारागा हा त्याच खोऱ्यातला कूळ-शेतकरी, बिंगहॅमच्या नऊ वर्षं आधी तिथे जाऊन आलेला. बिंगहॅमनी आपल्या टिपणवहीत त्याची नोंद केली होती. पण १९४८ साली माचू पिचूवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक निघालं तोवर लिसारागा त्यातून गळाला होता. भिंतीवरचं नावही पुसलं गेलं. तो स्वतः १९१२ मध्येच नदीत बुडून मेला, त्यामुळे तक्रार करायला कुणी उरलं नाही.

बरं, शोधकर्त्यांना तरी आपण काय शोधलं ते कळलं होतं का? त्यांना वाटलं, ही स्पॅनिश फौजांपासून पळालेल्या इन्कांची शेवटची राजधानी विल्काबाम्बा. ते चूक निघालं. विल्काबाम्बा दुसरीकडे, एस्पिरितू पाम्पा इथे होती. गंमत म्हणजे बिंगहॅम तिथेही १९११ मध्येच जाऊन आले होते, पण त्यांना ती ओळखता आली नाही. माचू पिचूतली हाडं बहुतेक बायकांची आहेत असं त्यांच्या तज्ज्ञाने सांगितलं, आणि त्यावरून 'सूर्यकुमारिकांच्या' कथा रंगल्या. नंतरच्या तपासणीत बाया आणि पुरुष जवळजवळ सारखेच निघाले. आज जाणकार सांगतात की ही पाचाकुती या राजाची खाजगी जहागीर होती, पंधराव्या शतकातली. २०२३ साली तिथल्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की तिथे बारमाही राहणारी माणसं साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून, अगदी अमेझॉनच्या बाजूनेही, आणलेली होती. राजाच्या सेवेसाठी आणलेली.

म्हणजे इन्कांच्या काळीही वाहणारे वेगळे आणि मिरवणारे वेगळे. मी इन्कांना देव करायला निघालेलो नाही. त्यांचा तो तीस हजार किलोमीटरच्या वरचा रस्त्यांचा पसारा, कापाक न्यान, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं, तो वेठीच्या श्रमांतूनच उभा राहिला. पण म्हणून काय झालं? राजाने वेठ घेतली, स्पॅनिशांनी वेठ घेतली, जमीनदारांनी घेतली, म्हणून आपणही शंभर डॉलर वाचवून तेच करावं?

बिंगहॅमनी तिथून नेलेल्या वस्तू परत मागता मागता पेरूला शतक लागलं. २००८ मध्ये प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेलं, २०१० मध्ये समझोता झाला, आणि २०११-१२ मध्ये मडकी, हाडं, हत्यारं कुस्कोला परतली. कासा कोंचा नावाच्या जुन्या वाड्यात ती ठेवली आहेत. माचू पिचूला जाणाऱ्यांनी ती जरूर पाहावीत. आमच्या बारा जणांपैकी दोघेच गेले. बाकीचे बाजारात अल्पाकाच्या लोकरीचे स्वेटर पाहत होते.

तुम्ही म्हणाल, बाबा रे, कुठलं पेरू आणि कुठला गोवा! तू का एवढा तापतोस?

तापतो, कारण ही गोष्ट मला ओळखीची वाटली. १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाखाली होते. म्हणजे तेवढा काळ जुन्या गोव्यातल्या माणसाचा आणि कुस्कोतल्या माणसाचा राजा एकच होता. इन्क्विझिशन गोव्यात आलं १५६० मध्ये, लिमात १५७० मध्ये. कुस्कोत कोरिकांचा नावाचं सूर्याचं देऊळ होतं. त्याच्याच भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ उभा आहे. त्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर, रातोरात देव उचलून नदीपार नेणाऱ्या माणसांच्या वंशजाला जे आठवायचं ते आठवतंच. २४ जूनला आपल्याकडे सांजाव असतो, पोरं विहिरींत उड्या मारतात. कुस्कोत त्याच दिवशी इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो. स्पॅनिशांनी बंद पाडलेला, १९४४ मध्ये पुन्हा सुरू झालेला. आणि आपल्या कुठल्याही सणासुदीला ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो बटाटा? तो त्याच डोंगरांतला. पोर्तुगीजांकडून तो आला, नाव घेऊन आला, आणि आपण त्याची भाजी करून मोकळे झालो.

'शोध लावला' याचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको. वास्को द गामाने हिंदुस्थान 'शोधला' हे वाक्य आपण पाठ केलेलं आहे. १९९८ साली त्या घटनेला ५०० वर्षं झाली तेव्हा सोहळे कसले करता, म्हणून याच गोव्यात माणसं रस्त्यावर उतरली होती. तेच आपण पेरूत गेल्यावर 'लॉस्ट सिटी'च्या पाटीखाली उभे राहून फोटो काढतो, तेव्हा आपला तो राग कुठे जातो?

आणि ते 'हसतमुख'! गोवेकराला 'सुशेगाद' म्हटलं की आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते. पहाटे चारला भट्टी पेटवणारा पोदेर सुशेगाद, भर पावसात होडी लोटणारा रापणकार सुशेगाद, आणि बाराही महिने मळ्यात वाकलेली बाई सुशेगाद! आठ दिवस किनाऱ्यावर लोळून जाणारा माणूस आपल्याला हे प्रमाणपत्र देऊन जातो, कारण त्याला आपण त्याच्या खुर्चीपाशी ट्रे घेऊन उभे असतानाच दिसलेलो असतो. मग वीस किलोंचं ओझं घेऊन ४२१५ मीटर चढणाऱ्या माणसाला 'काटक आणि हसतमुख' म्हणताना आपण वेगळं काय करतो? तो हसतो, कारण शेवटच्या रात्री बक्षिशी वाटली जाते. घरी त्याचं शेत असतं. मे-जून म्हणजे तिकडे बटाटे काढायचा हंगाम, आणि पर्यटकांची झुंबडही नेमकी तेव्हाच. त्याच्या वाटचे बटाटे बायको आणि पोरं काढत असतात. चार दिवसांची त्याची मजुरी माझ्या त्या वाटेवरच्या एका दिवसाच्या खर्चाहून कमी होती. हसायला त्याला एवढं कारण नक्कीच नव्हतं.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: "आपण गेलो नाही तर त्यांना काम कोण देणार?" अगदी बरोबर. म्हणूनच मी जाऊ नका असं म्हणत नाही. गोव्यातही पर्यटन बंद करा म्हटलं तर अर्ध्या गावाची चूल विझेल. पण काम देतो म्हणून उपकार करतो, हा भाटकारी हिशेब झाला. कूळ-मुंडकार कायदे होण्याआधी आपल्याकडचे भाटकारही हेच म्हणत असत की "आम्ही राहायला जागा दिली". पेरूत १९६९ मध्ये जमीनसुधारणा झाली, जमीनदाऱ्या मोडल्या. त्या मोडल्या म्हणून जग बुडालं नाही. इकडे आपल्याकडेही बुडालं नाही.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा: "परवाने, वाटाड्याची सक्ती, माणसांची मर्यादा यामुळे साहसाची मजा जाते." ज्यांना हे वाटतं त्यांनी त्या वाटेची नव्वदच्या दशकातली अवस्था जाणत्यांना विचारावी. कुणीही यावं, कुठेही तंबू ठोकावा, कुठेही घाण करावी, असा कारभार होता. २००० साली खुद्द माचू पिचूत बिअरच्या जाहिरातीचं चित्रीकरण चालू असताना क्रेन आदळून इंतिवाताना या पवित्र दगडाचा कोपरा फुटला. आता चालायच्या काठीच्या लोखंडी टोकाला रबर लावल्याशिवाय सोडत नाहीत, याला कुरकुरण्यासारखं काय आहे? माझी तक्रार नियम आहेत ही नाही, ते काट्यापुरते पाळले जातात ही आहे. आणि ते तसे पाळले जातात, कारण काट्यापुढचं बघायला आपण तयार नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक, आणि तो माझ्या बायकोचा: "एवढं होतं तर तू ओझं स्वतः का नाही वाहिलंस?" याला माझ्याकडे उत्तर नाही. मला ते झेपलं नसतं. साठीला आलेल्या माणसाला त्या उंचीवर श्वास घेणंच ओझं असतं. पण झेपलं नसतं हे सांगण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो झेपलं नसताना 'सर केला' म्हणण्यात.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. जरूर जा. पण कंपनी निवडताना हॉटेलातल्या ताऱ्यांची चौकशी करता तशी हमालांची करा. त्यांना मजुरी किती देता, झोपायला तंबू देता का, वजन कोण आणि कुठे मोजतं, हे लेखी विचारा. उत्तर टाळणाऱ्याला टाळा, तो कितीही स्वस्त असो. आपलं बोचकं हलकं करा. चार दिवसांच्या वाटेवर पाच शर्ट लागत नाहीत. पहिल्या दिवशीच नावं विचारा, बक्षिशीच्या वेळी नाही. क्वेचुआतला एक शब्द शिकून जा: 'सुल्पाइकी', म्हणजे आभारी आहे. आणि नाका ओलांडल्यावर पहिल्या वळणावर मागे वळून बघा. माझ्यासारखं गप्प बसू नका.

आणि परत आल्यावर शाल-श्रीफळ जरूर घ्या. फक्त माईकसमोर उभे राहाल तेव्हा एवढं सांगा: आम्ही बारा जण चाललो, एकवीस जणांनी आम्हाला नेलं, आणि चौथ्या दिवशी पहाटे आम्ही आत गेलो तेव्हा ते बाहेरून परतले. एवढं सांगून मग टाळ्या घ्या. मी पहिल्या रांगेत बसून वाजवीन.